शुगर-बीपी असताना टर्म विमा कसा काढायचा

चाळिशीच्या आसपास घराचं कर्ज डोक्यावर असतं, मुलं शाळेत असतात, आणि नेमकं त्याच सुमारास रक्ताच्या रिपोर्टवर शुगरचा आकडा ठळक अक्षरात छापून येतो. आपल्यामागे घरच्यांचं काय, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा खरा वाटतो. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, "आता तुला कोण पॉलिसी देणार?" कुणी म्हणतं, "फॉर्मवर शुगरचं लिहूच नकोस, तपासणीत आलं तर बघू." पहिल्या सल्ल्याने माणूस विम्याशिवाय राहतो. दुसऱ्याने हप्ते भरूनही घरच्यांच्या हाती काही लागत नाही. नियंत्रणात असलेला मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड असलेल्यांना भारतातल्या आयुर्विमा कंपन्या टर्म पॉलिसी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणारा विमा, देतात. कधी नेहमीच्या दराने देतात, बऱ्याचदा थोडा जास्त हप्ता लावून देतात. फक्त कागद नीट हवेत आणि क्रम पाळायला हवा.

हा लेख मुख्यतः मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांसाठी आहे. हृदयविकार, कर्करोग वगैरेंबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

मेडिक्लेमचे नियम इथे लावू नका

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. मेडिक्लेममध्ये आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ असतो. सध्याच्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. त्यामुळे लोकांना वाटतं की टर्म विम्यातही शुगरमुळे झालेला मृत्यू पहिली काही वर्षं चालणार नाही. नेहमीच्या टर्म पॉलिसीत असं काही नसतं. तुम्ही आजार सांगितलात, कंपनीने तो तपासून पॉलिसी दिली, की त्या आजाराने झालेला मृत्यूही पहिल्या दिवसापासून विम्यात येतो. पहिल्या १२ महिन्यांतली आत्महत्या हा ठरलेला अपवाद. काही सरकारी आणि सरल योजनांत सुरुवातीचे काही दिवस फक्त अपघाती मृत्यू धरतात, त्याबद्दल शेवटाकडे.

म्हणजे आजार सांगण्याची किंमत एकदाच, हप्त्यातून वसूल होते. त्यानंतर तो आजार कंपनीला कारण म्हणून पुढे करता येत नाही.

कंपनी नेमकं काय बघते

तुमचा निर्णय घेणारा माणूस, ज्याला अंडररायटर म्हणतात, तुम्हाला कधी भेटत नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतात. त्यावरून तो अंदाज बांधतो की याच वयाच्या निरोगी माणसाच्या तुलनेत तुमचा धोका किती जास्त आहे. मधुमेहात तो पाच गोष्टी शोधतो: निदान कोणत्या वयात झालं, किती वर्षं झाली, साखर किती ताब्यात आहे, किडनी-डोळे-हृदय यांवर परिणाम झालाय का, आणि सोबत तंबाखू, वजन, रक्तदाब यांतलं काय आहे. पन्नाशीत आढळलेली शुगर आणि पंचविशीत आढळलेली शुगर यांचा हिशेब अगदी वेगळा होतो, कारण दुसऱ्या माणसाला आजारासोबत जास्त वर्षं काढायची असतात. एकेकटा आजार सहसा फारसा अडवत नाही. शुगर, बीपी, वाढलेलं वजन आणि तंबाखू हे सगळं एकत्र आलं की अडतं.

निर्णय चारपैकी एक येतो: नेहमीच्या हप्त्यावर मंजूर, जादा हप्त्यावर मंजूर, काही महिन्यांसाठी पुढे ढकललं, किंवा नकार. जादा हप्त्याला सगळे लोडिंग म्हणतात. ते दोन तऱ्हेने लावतात. एक, टक्केवारीने: मूळ हप्ता वर्षाला १५,००० रुपये असेल तर ५० टक्के लोडिंगने २२,५०० आणि १०० टक्क्यांनी ३०,००० होतो. दुसरी पद्धत, विमा रकमेच्या दर हजारामागे ठराविक रुपये. ५० लाखांवर हजारी २ रुपये म्हणजे वर्षाला १०,००० जादा. एजंट फक्त "थोडं लोडिंग आहे" म्हणाला तर कुठल्या पद्धतीने आणि किती, हे आकड्यात विचारा.

एक चांगली गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. आधी टर्म विम्यावर तो १८ टक्के होता. जुन्या दरपत्रकावरून हिशेब करत असाल तर तो कर वजा धरा.

पायरी १: फाइल तयार करा, अर्ज नंतर

एक साधी फाइल घ्या आणि हे कागद तारखेच्या क्रमाने लावा: निदान झालं तेव्हाचा पहिला रिपोर्ट, गेल्या दोन वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट, सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी, कधी दाखल झाला असाल तर प्रत्येक वेळचं डिस्चार्ज कार्ड, आणि ईसीजी, २डी इको, सोनोग्राफी जे काही झालं असेल ते. मधुमेह पाच वर्षांहून जुना असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन (किडनीवरचा परिणाम दाखवणारं प्रथिन) आधीच करून घ्या. हे दोन रिपोर्ट चांगले असतील तर अंडररायटरच्या निम्म्या शंका मिटतात, आणि तसेही ते तुमच्या प्रकृतीसाठी वर्षातून एकदा करायलाच हवेत.

रिपोर्टवरची नावं तपासा. लग्नाआधीचं आडनाव, लग्नानंतरचं आडनाव, कुठे वडिलांचं नाव आणि कुठे नवऱ्याचं, अशा कागदांवर कंपनी हमखास प्रश्न काढते. आधार, पॅन आणि रिपोर्ट यांत फरक असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये ठेवा.

मग तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या. "रुग्ण माझ्या उपचाराखाली आहे, प्रकृती चांगली" असं पत्र कामाचं नाही. हवं ते असं:

"टाइप २ मधुमेह, निदान ऑगस्ट २०२१, नेहमीच्या तपासणीत आढळला. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तेव्हापासून बदल नाही. एचबीएवनसी: जानेवारी ७.१, मे ६.८. रुग्णालयात कधी दाखल नाही. डोळे, किडनी व पायांच्या नसांवर परिणाम नाही. रक्तदाब १२८/८२, औषध नाही."

यात महिना-वर्ष, औषधाची मात्रा आणि काय झालेलं नाही हे तिन्ही आहे. बऱ्याच कंपन्यांची मधुमेहासाठी, रक्तदाबासाठी वेगळी प्रश्नावली असते. हे पत्र हाताशी असलं की ती भरताना आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही.

पायरी २: वेळ साधा

एचबीएवनसी हा आकडा गेल्या दोन ते तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो. म्हणून आदल्या आठवड्यात गोड बंद करून तो बदलत नाही. ६.५ आणि त्यापुढे म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे त्याच्या अलीकडची पायरी. सातच्या आसपास किंवा खाली असेल तर अर्ज करायला हरकत नाही. आठच्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी मोठं लोडिंग किंवा 'पुढे ढकललं' हेच उत्तर येण्याची शक्यता जास्त. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून औषध-आहार नीट लावा, तीन महिने थांबा, स्वतःच्या खर्चाने एकदा तपासा आणि मग अर्ज करा. मात्र या तीन महिन्यांचं सहा महिने आणि सहा महिन्यांचं दोन वर्षं होऊ देऊ नका. वय वाढलं की मूळ हप्ताही वाढतो.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट. सिकलसेल असेल किंवा त्याचा वाहक असाल तर एचबीएवनसीचा आकडा खरा येईलच असं नाही. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या ॲनिमियात तो उगाच जास्त दिसू शकतो. असं काही असेल तर डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या आणि उपाशीपोटी व जेवणानंतरच्या साखरेच्या नोंदी सोबत जोडा.

ताप, कावीळ, डेंग्यू, शस्त्रक्रिया यांतून नुकतेच उठला असाल तर पूर्ण बरं होईपर्यंत अर्ज करू नका. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर ती होऊन जाऊ द्या. ठरलेली शस्त्रक्रिया दिसली की कंपनी सहसा थांबायलाच सांगते.

पायरी ३: अर्जाआधी चाचपणी करा

पाच कंपन्यांच्या वेबसाइटवर एकाच रात्री पाच अर्ज भरणं ही फार महाग पडणारी चूक आहे. प्रत्येक प्रस्ताव अर्जात विचारतात: "यापूर्वी तुमचा विमा प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्यावर मंजूर झाला आहे का?" एका ठिकाणी नकार आला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो लिहावा लागतो, आणि न लिहून चालत नाही, कारण विमा क्षेत्रातल्या माहितीची नोंद ठेवणारी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो ही संस्था हैदराबादेत आहे आणि कंपन्या तिची माहिती वापरतात.

त्याऐवजी अनुभवी एजंट किंवा ब्रोकरला गाठा आणि नाव न देता चाचपणी करायला सांगा: वय, उंची-वजन, निदानाचं वर्ष, औषधं, शेवटचे दोन एचबीएवनसी, तंबाखू आहे की नाही, हवी असलेली रक्कम. चांगला एजंट हे दोन-तीन कंपन्यांच्या अंडररायटिंग विभागाला पाठवून प्राथमिक मत आणतो. ते बंधनकारक नसतं, पण कुठे दार बंद आहे ते कळतं. काही कंपन्यांनी मधुमेहींसाठी वेगळ्या टर्म योजनाही काढल्या आहेत, त्यांची चौकशी याच वेळी करा. "माझ्यावर सोडा, मी पास करून आणतो" म्हणणाऱ्या एजंटकडे परत जाऊ नका.

पायरी ४: फॉर्म

हा भाग सावकाश वाचा. क्लेमच्या वेळी कंपनी सगळ्यात आधी हाच फॉर्म काढते, आणि तेव्हा त्यातल्या उत्तरांचा खुलासा करायला तुम्ही नसता.

फॉर्म स्वतः भरा. एजंट भरत असेल तर शेजारी बसा आणि प्रत्येक आरोग्य-प्रश्न मोठ्याने वाचून घ्या. आता बहुतेक फॉर्म मोबाइलवर असतात. एजंट टॅबवर 'नाही, नाही, नाही' अशी रांग लावतो आणि तुमच्याकडे फक्त ओटीपी मागतो. तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. भरलेल्या फॉर्मची पीडीएफ वाचल्याशिवाय तो देऊ नका.

कोणत्या उत्तरांत लोक हमखास चुकतात ते सांगतो. "गोळी सुरू नाही, नुसती मेथीपूड आणि जांभळाच्या बियांचं चूर्ण घेतो": निदान झालेलं असेल तर उत्तर 'होय'च. "बीपीची गोळी होती, आता डॉक्टरांनी बंद केलीय": 'होय', आणि पुढे कधीपासून कधीपर्यंत ते लिहा. "ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये फॅटी लिव्हर आलं होतं, पण काही त्रास नाही": गेल्या काही वर्षांत केलेल्या तपासण्यांत काही असामान्य आढळलं का, असा प्रश्न असतो, तिथे 'होय'. बाळंतपणातली शुगर, लहानपणचं ऑपरेशन, नैराश्यावरच्या गोळ्या, पूर्ण झालेला टीबीचा कोर्स, सगळं लिहा. आई-वडील, भावंडांना साठीच्या आत हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह झाला का, हेही विचारतात. ते वयासकट लिहा.

आणि तंबाखू. सिगारेट ओढत नाही म्हणून 'नाही' लिहिणारे बरेच. प्रश्न कोणत्याही स्वरूपातल्या तंबाखूचा असतो: मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, विडी आणि मिशेरी. मिशेरी लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत, पण लघवीतल्या कोटिनिनच्या (तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात बनणारा अंश) तपासणीत ती दिसते. फॉर्मवर 'नाही' आणि तपासणीत कोटिनिन आलं, की बाकीच्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो.

तुमच्या मेडिक्लेमचा फॉर्म काढून समोर ठेवा. तिथे "मधुमेह, २०१९ पासून" लिहिलंय आणि इथे "२०२२ पासून" लिहिलंत, तर खरी चूक कुठलीही असो, संशय तुमच्यावर येतो. तारीख एकच असू द्या, आणि ती पहिल्या रिपोर्टशी जुळणारी असू द्या.

फॉर्म भरल्यानंतर आणि पॉलिसी मिळण्याआधी प्रकृतीत काही बदललं, नवीन गोळी सुरू झाली, छातीत दुखून कॅज्युअल्टीत जावं लागलं, तर ते कंपनीला लेखी कळवणं तुमचं काम आहे. पॉलिसी सुरू झाल्यावर नव्याने झालेले आजार मात्र कळवावे लागत नाहीत.

पैशांबद्दल: 'बिमा-अस्बा' या सोयीत हप्त्याची रक्कम यूपीआयने तुमच्याच खात्यात अडवून ठेवली जाते आणि प्रस्ताव मंजूर झाला तरच कापली जाते. निर्णय काय येईल याची खात्री नसताना ही सोय मागून घ्या. एजंटच्या स्वतःच्या खात्यात कधीही पैसे टाकू नका.

पायरी ५: मेडिकल

खर्च बहुधा कंपनी करते. वय आणि रक्कम पाहून यातलं काही किंवा सगळं होतं: उंची-वजन-रक्तदाब, साखर, एचबीएवनसी, लिपिड, लिव्हर व किडनीच्या तपासण्या, रक्ताचा हिमोग्राम, एचआयव्ही व हिपॅटायटिस बी, लघवी, ईसीजी, आणि मोठ्या रकमेला ट्रेडमिलवरची टीएमटी. त्याआधी डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर प्रश्न विचारतात. तो कॉल रेकॉर्ड होतो. फाइल समोर ठेवूनच घ्या. गाडी चालवताना किंवा लोकलमध्ये उभं राहून "हो हो, सगळं ठीक" म्हणू नका.

रक्त देण्याआधी १० ते १२ तास फक्त पाणी. शुगरची गोळी उपाशीपोटी घ्यायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आकडा चांगला यावा म्हणून जादा गोळी घेणं धोक्याचं आहे, साखर एकदम खाली जाऊ शकते. बीपीची रोजची गोळी मात्र "औषधाशिवाय बीपी दाखवतो" म्हणून चुकवू नका. आदल्या दोन-तीन दिवसांत दारू घेतली असेल तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेलं दिसू शकतं. आदल्या दिवशी जिममध्ये जोर लावला असेल तर लिव्हरच्या तपासणीतला एसजीओटीचा आकडा वर जाऊ शकतो. पाळी चालू असताना लघवी देऊ नका, त्यात रक्त आणि प्रथिनं दिसतात आणि किडनीबद्दल नसते प्रश्न येतात. तारीख पुढे मागितली की मिळते.

रक्तदाब मोजताना घाई होते. जिना चढून आल्याबरोबर पट्टा बांधला, तर आकडा वर जाणारच. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवा, बोलू नका. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्याने बीपी जास्त दाखवतं. पहिला आकडा १४०/९० च्या वर आला तर काही मिनिटांनी पुन्हा मोजायची विनंती करा आणि दोन्ही आकडे लिहायला सांगा.

घरी रक्त न्यायला मुलगा आला तर सुई तुमच्यासमोर फोडतो का आणि नळीवर तुमच्या नावाचं लेबल तिथेच लावतो का, हे बघा. एकाच सकाळी चार घरं करताना नमुने बदलल्याची शंका येऊ नये. कंपनीकडून रिपोर्टची प्रत मागून फाइलमध्ये लावा.

पायरी ६: जादा हप्त्याचं पत्र आलं तर

पत्रात तुमची लेखी संमती मागितलेली असते आणि ठराविक दिवसांत ती न दिल्यास प्रस्ताव बंद होतो. रागाने नाही म्हणण्याआधी कारण विचारा. जुन्या किंवा चुकलेल्या रिपोर्टमुळे लोडिंग लागलं असेल, तर नवीन रिपोर्ट व डॉक्टरांचं पत्र जोडून फेरविचार मागता येतो. कारण खरं असेल आणि घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल, तर बहुतेक वेळा घेऊन टाकणंच शहाणपणाचं असतं. रक्कम थोडी कमी करा किंवा मुदत साठीपर्यंतच ठेवा, पण विमा घ्या. पुढे प्रकृती सुधारली तर दुसरीकडे नव्याने अर्ज करता येतो. नवी पॉलिसी हातात येऊन तिचा बाँड वाचून झाल्याशिवाय जुनी सोडायची नाही. गंभीर आजाराचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) अशा वेळी बहुधा नाकारतात. त्यावरून मूळ विमा अडवून धरू नका.

पायरी ७: बाँड आल्यावर

बाँड मिळाल्यापासून ३० दिवस 'फ्री लूक'चे असतात. कपाटात ठेवण्याआधी त्याला जोडलेली प्रस्ताव अर्जाची प्रत काढा आणि आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरं एकेक करून तपासा. चुकीचं उत्तर दिसलं तर लगेच ईमेलने कळवा आणि पोच घ्या. कंपनी फेरतपासणी करील, कदाचित हप्ता वाढवील. पण आत्ता वाढलेला हप्ता परवडतो, नंतर नाकारलेला क्लेम नाही. ३० दिवसांत पॉलिसी परत केलीत तर थोडी वजावट करून पैसे मिळतात: तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क.

विवाहित पुरुष पॉलिसी काढताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली ती पत्नी व मुलांच्या नावे करू शकतो. डोक्यावर कर्ज किंवा धंद्यातली देणी असतील तर ही रक्कम धनकोंपासून सुरक्षित राहते. हे सुरुवातीलाच करावं लागतं, मागाहून नाही.

तीन वर्षांचा नियम आणि त्याबद्दलचा गैरसमज

विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ नुसार पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर प्रश्न उभा करता येत नाही. त्याआधी लपवलेल्या किंवा चुकीच्या माहितीवरून क्लेम नाकारता येतो. फसवणूक सिद्ध न होता केवळ माहिती लपवल्याच्या कारणाने नाकारला, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. विम्याची रक्कम मात्र जाते.

यावरून "तीन वर्षं निघाली की झालं" असं सांगणारे भेटतात. पण ती तीन वर्षं कुणाच्या हातात आहेत? शिवाय हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर मोजणी नव्याने सुरू होते आणि प्रकृतीचं जाहीरपत्रही नव्याने द्यावं लागतं. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते. आजारी माणसाने हप्ता चुकवणं सगळ्यात महागात पडतं. बँकेत ऑटो-डेबिट लावा आणि त्या खात्यात पैसे ठेवा.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं एक प्रकरण बघा. प्रस्ताव ऑगस्ट २०१४ चा, मृत्यू सप्टेंबर २०१४ मध्ये. हिपॅटायटिस सी आणि रुग्णालयातले उपचार फॉर्मवर सांगितलेले नव्हते. ग्राहक मंचांनी मृताच्या आईच्या बाजूने निकाल दिले, पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. आईच्या वयाकडे पाहून, आधी दिलेली रक्कम वसूल करू नये एवढी सवलत दिली. दुसरीकडे २०१५ च्या एका निकालात मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. ते दुखणं जिवावर बेतणारं नव्हतं म्हणून न्यायालयाने क्लेम द्यायला लावला. शुगर आणि बीपी या दुसऱ्या गटात बसत नाहीत.

इतर आजार, थोडक्यात

गोळीने टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीचा आकडा) नीट असलेला थायरॉइड बहुधा अडचण करत नाही. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर काही महिने ते वर्षभर थांबावं लागतं, आणि डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा रिपोर्ट, नवीन २डी इको लागतो. कर्करोगात उपचार संपून किती वर्षं झाली आणि कोणत्या टप्प्यावर सापडला यावर सगळं अवलंबून. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट जपून ठेवा. फिट्स येत असतील तर शेवटची कधी आली ते. टीबी असेल तर कोर्स पूर्ण झाल्याचा दाखला.

नकारच आला तर

नोकरी असेल तर कंपनीच्या ग्रुप टर्म विम्याबद्दल एचआरला विचारा. ठराविक रकमेपर्यंत त्यात आरोग्याचे प्रश्न विचारत नाहीत. पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेल्या ईडीएलआय या विमा योजनेखाली ७ लाखांपर्यंतचं संरक्षण तसंच मिळतं, कर्मचाऱ्याला त्यासाठी काही भरावं लागत नाही. पीएफचं नॉमिनेशन तेवढं ऑनलाइन भरलेलं हवं. प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख, वैद्यकीय तपासणी नाही. १८ ते ५० वयात प्रवेश, संरक्षण ५५ पर्यंत, आणि पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यू धरतात. सरल जीवन बीमा ही ५ ते २५ लाखांची ठरावीक टर्म योजना ज्या कंपनीकडे असेल तिथे विचारा. तिच्यात हा सुरुवातीचा काळ ४५ दिवसांचा आहे.

गृहकर्जासोबत बँक जो विमा देते त्यात एक पानाचं 'प्रकृती उत्तम असल्याचं जाहीरपत्र' असतं. कर्जाच्या चाळीस सह्यांत तीही एक होऊन जाते. ते पान वेगळं काढा, वाचा, आणि शुगर असेल तर लिहा.

घरच्यांना काय सांगून ठेवायचं

फाइल कुठे आहे, एवढ्यावर थांबू नका. निदानाची खरी तारीख घरातल्या दोघांना तरी तोंडपाठ हवी. कारण असं: रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, "शुगर कधीपासून?" गोंधळलेला मुलगा म्हणतो, "असेल दहा वर्षं." डॉक्टर केस पेपरवर तेच लिहितात. प्रत्यक्षात निदान चार वर्षांपूर्वीचं असतं, फॉर्मवरही तसंच लिहिलेलं असतं. पण पॉलिसीला तीन वर्षं झालेली नसतील तर कंपनीचा चौकशी करणारा माणूस नेमका तो केस पेपर उचलतो. म्हणून निदानाचा महिना-वर्ष आणि गोळ्यांची नावं एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, घरच्यांच्या मोबाइलमध्ये फोटो ठेवा. डिस्चार्ज घेताना 'पूर्व इतिहास' ही ओळ वाचा. चूक असेल तर रुग्णालय सोडण्याआधी पहिला रिपोर्ट दाखवून दुरुस्त करून घ्या.

क्लेम नाकारला गेलाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षात अर्ज करावा लागतो. विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीला जोडायचे कागद तेच, जे पहिल्या पायरीत फाइलला लावले होते: पहिला रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र आणि तुम्ही स्वतः भरलेल्या फॉर्मची प्रत.